बारकीच्या मोटारसायकलचा दिवा

घरात तिला सगळे बारकी म्हणत. चाळिशी जवळ आली, कानशिलावर पांढरं दिसायला लागलं, तरी अंगानं ती मुळातच काडीपैलवान, त्यामुळे ते नाव बदलायचं कारण कुणाला सापडलं नाही. वडील गेल्यावर त्यांची मोटारसायकल ती चालवायला लागली, तेव्हा गल्लीतल्या लोकांना लांबून वाटायचं की गाडी आपली आपणच चालली आहे.

वडील टर्नर होते. लेथवर उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं. माणूस भारदस्त, आणि गाडीही त्यांच्याच मापाची: जुनी, जड, काळ्या टाकीची, पुढे वाडग्याएवढा गोल दिवा. ते गेल्यावर आईनं घर आवरायला घेतलं. कपडे दिले, बूट दिले, हत्यारांची पेटी दोन स्क्रूड्रायव्हर ठेवून शेजारच्या सुताराला दिली. आवरताना ती कुठेच थांबली नाही, म्हणून बारकीही काही बोलली नाही. मोटारसायकलीची वेळ आली तेव्हा मात्र ती मधे पडली. मला कामावर जायला लागते, एवढंच म्हणाली. ते खरंही होतं. ती शेजारच्या गावात चष्म्याच्या दुकानात काम करायची, आणि तिकडची बस म्हणजे आली तर आपली, नाही आली तर तिची.

उन्हाळाभर काही अडलं नाही. दुकान बंद करून ती निघायची तेव्हा लख्ख उजेड असायचा. मग दिवस लहान व्हायला लागले. रस्ता कालव्याच्या कडेकडेनं जायचा. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, मधे एक आडवं वळण, आणि दिव्याचा खांब औषधालाही नाही. मोटारसायकलचा दिवा लावला की पुढच्या चाकाच्या पुढ्यात एक पिवळा गोल पडायचा, ताटाएवढा. त्या ताटात जे येईल ते दिसायचं. ताटाबाहेरचं जग आपल्या जागी आहे, असं धरून चालायचं. अप्पर लावला तर थोडं पुढचं दिसे, पण समोरून गाडी आली की तो खाली करावाच लागे, आणि संध्याकाळच्या त्या वेळी समोरून कुणीच येत नाही असा क्षण विरळा.

एका संध्याकाळी त्या ताटात अचानक एका ढकलगाडीचं मागचं चाक आलं. बारकीनं ब्रेक दाबला, गाडी सावकाश आडवी झाली आणि गाडीखाली बारकीही. ढकलगाडीवाल्यानंच तिला उठवलं, वर चार शब्द सुनावले. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही.

आईनं गुडघा धुतला, मलम लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं काकाला फोन केला.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. मोठ्या भावापेक्षाही वजनानं दीडपट, आवाजानं दुप्पट, आणि मनानं इतका मऊ की भाऊ गेल्यापासून वहिनीसाठी काय करू नि काय नको असं त्याला झालेलं. त्याच्या ओळखीत जुन्या गाड्यांचा एक शौकीन होताच. काका म्हणाला, महिनाअखेरच्या रविवारी येतो, गाडी घेऊन जातो, बारकीला त्याऐवजी हलकीशी स्कूटर बघू. आई हो म्हणाली. मग फोन ठेवून तिनं बारकीला सांगितलं.

बारकी बराच वेळ गुडघ्यावरच्या पट्टीची कड सारखी करत बसली. मग तिनं विचारलं, "दिवा नीट झाला तर?"

"तर काय?"

"तर ठेवायची का गाडी?"

आई म्हणाली, "दिवा नीट झाला तर बघू. पण मी दारात उभी राहून अंधाराकडे बघत बसायची नाही आता. मला जमत नाही ते."

तेवढ्यावर बारकी कामाला लागली.

तिला पहिला संशय आला तो स्वतःच्या डोळ्यांचा. दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिचं. पुढे मालक डोळे तपासायचे. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना ती खुर्चीत जाऊन बसली आणि माझे डोळे बघा म्हणाली. मालकांना कोण आनंद झाला. इतकी वर्षं इथं आहेस, आज पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून आलीस, असं म्हणत त्यांनी सगळी अक्षरं वाचून घेतली, भिंग आलटून पालटून लावलं, टॉर्च मारून आत डोकावले, आणि शेवटी जरा हिरमुसूनच सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, जो काही नंबर लागायचा तो दिव्याला लागेल.

दिव्याला नंबर लावणारा दुकानाच्या समोरच होता. गॅरेजवाला. त्याला बाजारात सगळे हजारवॅट म्हणत, कारण जगातली कुठलीही अडचण जास्त वॅटनं सुटते असा त्याचा विश्वास होता. बारकीचा जुना बल्ब त्यानं काढून तळहातावर घेतला आणि मेलेल्या झुरळाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. ह्याच्या जागी त्यानं दामदुप्पट ताकदीचा बल्ब बसवला आणि आता भिंतीपलीकडचं दिसेल म्हणून ग्वाही दिली.

भिंतीपलीकडचं काही दिसलं नाही. ताट तेवढंच राहिलं, फक्त जास्त उजळलं. तिसऱ्या संध्याकाळी अंगठ्याखालचं बटण चटका बसण्याइतकं तापलं आणि दिव्यातून प्लॅस्टिक जळल्याचा वास यायला लागला. बारकीनं दिवा बंद केला आणि गाडी कालव्याच्या कडेनं ढकलत घरी आणली. सकाळी हजारवॅटनं दिवा उघडला तर आतल्या वायरचं वेष्टण वितळून बल्बच्या बुडाला चिकटलेलं. वायर म्हातारी आहे ताई, तिला एवढं झेपलं नाही, असं तो म्हणाला. चूक वायरीची आहे, आपण तिला माफ करू या, अशा सुरात.

मग त्यानं एलईडी आणला. पांढरा शुभ्र, मागे चिमुकला पंखा, खोक्यावर वाघाचं चित्र. हा तापत नाही, वीजही कमी खातो, तेव्हा वायरीची तक्रार नाही. त्या संध्याकाळी बारकी निघाली आणि चाकापुढचा रस्ता चुना सांडल्यासारखा पांढरा झाला. डांबरातली खडी न खडी मोजून घ्यावी. पण त्या पांढऱ्याच्या पलीकडे काळा पडदा. पहिल्या बल्बनं निदान झाडांचे बुंधे अंदाजानं कळायचे, आता तेही गेले. शिवाय उजेड वाटेल तिकडे फाकत होता. समोरून येणारा प्रत्येक जण आपला दिवा उघडझाप करून तिला शिव्या देत होता. एका ट्रकवाल्यानं तर मान बाहेर काढून, नाटक कंपनी घेऊन निघालात का बाई, असं विचारलं.

हा घोटाळा का होतो ते मात्र बारकीला कळलं, कारण तो तिच्या धंद्यातला होता. जवळ भगभगीत उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते, आणि आकसलेल्या बाहुलीला लांबच्या अंधारातलं काही घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हे हजारवॅटला नीट समजावून सांगितलं. त्यानंही नीट ऐकलं. मग म्हणाला, म्हणजे ताई, बाहुलीच मोठी करायचा काहीतरी उपाय बघायला हवा.

शेवटी तिनं काम आपल्या हाती घेतलं. जेवढ्या वॅटचा मूळचा तेवढ्याच वॅटचा, पण चांगल्या बनावटीचा बल्ब मागवायला लावला. दिव्याला नवी जाड वायर घ्यायला लावली, बॅटरीपासून थेट, मधे एक रिले टाकून. म्हणजे बटणाला फक्त हुकूम द्यायचं काम, वीज पुरवायचं काम वायरीचं. दिव्याची काच ती स्वतः दुकानात घेऊन गेली आणि चष्म्याच्या काचा जशा पुसतात तशी, आतून बाहेरून, वर्षानुवर्षांचं धुरकट किटण जाईपर्यंत पुसत बसली. बल्बही तिनंच बसवला, स्वच्छ फडक्यात धरून, कारण बोटाचं तेल काचेला लागलं की तेवढ्या जागी काच तापून तडकते. हजारवॅट शेजारी उकिडवा बसून बघत होता. एवढ्या सोवळ्यात तर मी माझं लग्नही केलं नाही, असं म्हणाला.

हे सगळं झालं त्या दुपारी आई दुकानात आली होती. तिचा वाचायचा चष्मा उशाखाली येऊन मोडला होता. बारकीनं नवीन काचा बसवून दिल्या, आईनं मालकांशी गप्पा मारल्या, आणि उजेडाची निघते म्हणून बसथांब्यावर जाऊन बसली. दुकान बंद करायची वेळ झाली तरी ती तिथंच. बस आली नव्हती. येणारही नव्हती, कुठंतरी बिघडून पडली होती.

बारकी गाडी घेऊन थांब्यापाशी उभी राहिली. आईनं गाडीकडे बघितलं. वडील गेल्यापासून ती त्या गाडीवर बसली नव्हती. दारातून आत-बाहेर करताना सुद्धा ती तिला हात न लावता, वळसा घालून जायची. बारकीनं मालकांकडून मागून आणलेलं हेल्मेट पुढे केलं. आईनं ते घेतलं, घातलं, पट्टा लावला, आणि मागे बसली. बसताना तिचा हात बारकीच्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला.

कालव्याचा रस्ता लागला तेव्हा अंधारलं होतं. बारकीनं दिवा लावला, आणि तिला वाटलं आपण दुसऱ्याच रस्त्याला लागलो.

रस्ता दिसत होता. ताट नव्हे, रस्ता. लांबपर्यंत, एका झाडापासून पुढच्या झाडापर्यंत आणि त्याच्याही पुढच्या. कालव्याच्या कठड्याची पांढरी कड दिसत होती. एक कुत्रं रस्ता ओलांडणार की नाही याचा विचार करत उभं होतं, ते त्याचा विचार पुरा होण्याआधीच दिसलं. आडवं वळण जवळ आलं तेव्हा ते वळण आहे हे वळणाच्या आधी कळलं. खड्डा आला की आई तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवत होती. बारकीला तो खड्डा दिसलेला असायचा, तरी ती टेकवत होती, आणि बारकीला वाटत होतं, टेकवू दे.

घरी आल्यावर आईनं हेल्मेट काढून केस सारखे केले. गाडीला तिनं वळसा घातला नाही. टाकीला हात टेकून दारापाशी गेली. म्हणाली, "चांगला आहे की दिवा. रविवारी भावजी येतील तेव्हा मी बोलते त्यांच्याशी."

बारकीचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री ती अशी झोपली की सकाळी उशिरा उठली.

दुसऱ्या संध्याकाळी ती एकटी निघाली. मालकांनी दिलेलं काम आटोपलं होतं, हवेत गारवा होता, आणि कालव्याचा रस्ता येईपर्यंत ती हेल्मेटच्या आत काहीतरी गुणगुणत होती. मग तिनं दिवा लावला. चाकापुढे ताट पडलं.

तिनं गाडी बाजूला घेतली. उतरून दिव्यापुढे उभी राहिली. दिवा लख्ख होता, डोळ्याला खुपण्याइतका. वायर हलवून बघितली, रिलेवर टिचकी मारली, काच चाचपली. सगळं आपापल्या जागी. पुन्हा बसली, पुन्हा ताट. मग दुसऱ्या गिअरमध्ये, डोळ्यांत तेल घालून, ती घरी आली.

आई दारात नव्हती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा दारात नव्हती. ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून भाजी चिरत होती, नवा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बारकीच्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वर न करताच विचारलं, आलीस का, हात धू, आज भूक लागली असेल.

बारकीनं हात धुतले. नळाखाली हात धरून ती जरा जास्तच वेळ उभी राहिली. दिवा छान होता, एवढे तीन शब्द म्हटले की काम झालं. परवा काका येणार, आई त्याला परत पाठवणार, गाडी घरात राहणार. दिव्याचं काय ते पुढे बघता येईल. सावकाश येत जाऊ. आईला कुठं कळणार आहे. आई रेडिओ ऐकत भाजी चिरत बसेल आणि तिला वाटत राहील की पोरगी लांबवरचं बघत येते आहे.

ते वाटत राहील, हेच बारकीला सोसेना. ती जेवायला बसल्यावर म्हणाली, "आई, दिवा परत तसाच झालाय."

आईचा हात थांबला. "तसाच म्हणजे?"

"काल लांब पडत होता ना, आज परत चाकापुढे. बल्ब तोच, वायर तीच. काही सुटलेलं नाही. मला कळत नाही काय झालं. तू काकाला काय सांगायचं ते सांग."

आईनं चष्मा काढला. मग भाजी वाढून घेता घेता मधेच ती हसायला लागली. आधी नाकातून, मग चांगली खांदे हलवून, डोळे पुसत. वडील गेल्यापासून बारकीनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला क्षणभर भीतीच वाटली.

"अगं," आई म्हणाली, "तो दिवा माझ्यासकट लावलाय."

आणि तिनं सांगितलं. ती इस्पितळात कपड्यांच्या कोठीवर होती तेव्हा तिची पाळी संध्याकाळची असायची. वडील कारखान्यातून सुटले की थेट तिकडे यायचे, उजेड असतानाच, आणि फाटकापाशी बसून राहायचे. पहारेकऱ्याशी त्यांची इतकी दोस्ती झाली होती की नवे लोक त्यांनाच पहारेकरी समजायचे. अंधार पडल्यावर गाडी निघायची ती दोघांना घेऊन. दिवस लहान व्हायला लागले की दरवर्षी एका संध्याकाळी ते गाडी गल्लीच्या टोकाला गोदामाच्या भिंतीसमोर उभी करायचे, स्वतः बसायचे, तिला मागे बसवायचे, आणि वाकून दिव्याचा स्क्रू फिरवायचे. दोघांच्या वजनानं गाडीचं मागचं अंग खाली बसायचं, तोंड वर व्हायचं आणि उजेड आभाळात जायचा. म्हणून ते दिवा खाली वळवून घ्यायचे.

"पिशवीसुद्धा घ्यायला लावायचे मांडीवर," आई म्हणाली. "सगळी गल्ली बघायची. मी म्हणायची, पिशवीचं काय ते वजन. तर म्हणायचे, तुझ्या पिशवीत काय काय असतं ते मला विचार."

"मग एकटे असायचे तेव्हा कसं दिसायचं त्यांना?"

"एकट्यानं त्यांनी ती गाडी अंधारात कधी चालवलीच नाही," आई म्हणाली, आणि पाणी प्यायली.

बारकी ताटावर बसल्या बसल्या मनाशी हिशेब जुळवत होती. चष्म्याची काच घासताना आधी तिच्यावर शाईचा ठिपका देतात, तो काचेचा मध्य. तो बाहुलीसमोर आला पाहिजे. नंबर अचूक असला आणि मध्य सरकला, तर माणूस आठवड्यानं डोकं धरून परत येतो. ही गोष्ट तिनं नव्या गिऱ्हाइकांना हजार वेळा सांगितली असेल. आणि इतके दिवस ती नंबरच बदलत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून लवकर निघाली. दिवस कलला तशी दोघींनी गाडी गोदामाच्या भिंतीसमोर नेली. आईला सगळं पाठ होतं: गाडी किती मागे घ्यायची, दिव्याच्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ कशी मारायची, उजेडाची वरची कड रेघेच्या जरा खाली कशी यायला हवी. बारकी एकटी बसली. उजेड रेघेच्या कितीतरी खाली, भिंतीच्या पायाशी पडला होता.

स्क्रू दिव्याच्या खाली होता. त्याच्या डोक्यावर आणि आजूबाजूला लाल रंगाचा टणक थर होता. बारकीला तो आधी गंज वाटला.

"नेलपॉलिश आहे ते," आई म्हणाली. "माझं. हलून हलून स्क्रू फिरू नये म्हणून लावायचे. मी ती बाटली एकदा वापरली असेल. बाकी सगळी ह्या स्क्रूनं संपवली."

बारकीनं स्क्रूड्रायव्हर लावला. लाल थर सलग होता, कडेला बोटाचा माग सुकलेला. घाईनं लावून बोटानं पुसलेला. तिनं स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. मग ती उभी राहून म्हणाली की राहू दे, मी मालकांना सांगून रोज उजेडाची निघत जाईन. किंवा मागे काहीतरी वजन बांधू, विटा म्हण, पोतं म्हण.

आईनं तिच्याकडे बघितलं. "विटा बांधून कामावर जाणार?"



आईनं डोक्यातली पिन काढली आणि गाडीपुढे खाली बसली. पिनेच्या टोकानं ती लाल थर खरवडायला लागली, हळूहळू, भांड्याला लागलेलं काढावं तसं. "रस्ता दिसावा म्हणून लावला होता गं त्यांनी," ती म्हणाली. "जपून ठेवायला नव्हे." लाल कपचे तिच्या हातावर पडत होते. ते तिनं झटकले नाहीत, उठल्यावर सावकाश फडक्याला पुसले. मग हात पुढे केला. "दे इकडे. तू बस."

बारकी बसली. आई स्क्रू फिरवू लागली. पण तिला काही पसंत पडेना. नीट बस म्हणाली. पाहुण्यासारखी टेकून बसू नको, रोज बसतेस तशी बस. मग म्हणाली, हेल्मेट घाल. मग, तुझा डबा कुठाय, डब्याची पिशवी घे. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. बारकी पिशवी घेऊन, हेल्मेट घालून, जागच्या जागी उभ्या गाडीवर, भिंतीकडे तोंड करून बसून राहिली, आणि उजेडाची कड भिंतीच्या एकेका विटेवरून वर चढत आली. रेघेच्या जरा खाली येऊन थांबली. आई दोन पावलं मागे गेली, मान तिरकी करून बघितलं, पुन्हा पुढे येऊन स्क्रू केसभर मागे घेतला.

"आता जाऊन ये," ती म्हणाली. "वळणापर्यंत."

बारकी वळणापर्यंत गेली, आणि वळण चांगलं लांबून दिसलं म्हणून त्याच्याही पुढे गेली. झाडं एकामागून एक उजेडात येत होती. कठडा दिसत होता, खड्डे दिसत होते. खांद्यावर बोटं नव्हती, आणि त्याची तिला आठवण झाली. पण आठवण झाली म्हणून रस्ता काही कमी दिसला नाही. पुलापाशी तिनं गाडी वळवली. परत आली तेव्हा आई खिडकीतल्या बायकांशी बोलत गल्लीत उभी होती. बघा, अजून लहानच आहे का ती, एवढा वेळ लागायचाच, असं काहीतरी त्यांना सांगत होती.

रविवारी काका आला तो आपल्या स्कूटरवरून. शौकीन माणूस फोनची वाट बघत घरी बसला होता. वहिनी म्हणाली की गाडी विकायची नाही, दिवा नीट झाला, तर काकाचा चेहरा पडला. त्याला गाडीचं काही नव्हतं. त्याला काळजी होती, आणि काळजीचा माणूस असा चार शब्दांत ऐकत नाही. तो म्हणाला, पोरीच्या हट्टापायी तुम्ही काहीतरी बोलताय, मी स्वतः बघितल्याशिवाय मानायचा नाही. अंधारायला लागलंच होतं. वरात गोदामाच्या भिंतीकडे निघाली.

काका गाडीवर बसला. मागचे शॉकअप्सर कुरकुरले, गाडीनं मान वर केली आणि उजेडाची कड सरसर भिंतीवरून वर गेली ती थेट गोदामाच्या छपराला भिडली. छपराखाली झोपायला आलेली कबुतरं फडफडून उडाली.

"हा काय दिवा?" काका म्हणाला. "हा रस्त्यावर पडणार की समोरच्याच्या डोळ्यांत? वहिनी, तुमची फसवणूक झालीय."

"भावजी, उतरा," आई म्हणाली. "तो तुमच्यासाठी नाही लावलेला. हिच्यापुरता लावलाय."

काका उतरला. बारकी बसली. उजेड छपरावरून खाली आला आणि रेघेखाली निमूट जाऊन थांबला. काकानं भिंतीकडे बघितलं, बारकीकडे बघितलं. मला परत बसू दे, म्हणाला. बसला, कबुतरं पुन्हा उडाली. उतरला. मग त्यानं बारकीला बसवून तिच्या शेजारून हातानं सीट दाबून बघितलं, आणि उजेड वर-खाली होताना बघून त्याचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं. दादानं मला हे कधी सांगितलं नाही, असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. मग त्यानं तिथंच उभं राहून शौकीन माणसाला फोन लावला आणि सांगितलं की गाडी घरचीच आहे, घरातच राहील.

फोन खिशात टाकून तो परत जाईल असं वाटलं, पण तो आपली स्कूटर ढकलत भिंतीसमोर घेऊन आला. हिचाही दिवा बघ की गं बारके, म्हणाला. हल्ली मला काही दिसत नाही, मला वाटायचं डोळे गेले.

बारकी स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली वाकली. मग तिनं वर बघून विचारलं, "एकट्यासाठी लावू, की काकूसकट?"

काका विचारात पडला. काकू स्कूटरवर बसायची सोडून बरेच दिवस झाले होते. कारण मानेचं दुखणं होतं, असं काका सांगायचा. काका वळणावर मागे बघून बोलतो हे होतं, असं काकू सांगायची. तो भिंतीवरची रेघ बघत उभा राहिला. त्यानं हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली. 

"तिच्यासकट लाव," तो शेवटी म्हणाला.

"मग तिला घेऊन या. तिच्याशिवाय कसा लागणार?"

काकानं स्कूटर चालू केली आणि गेला. दोघी गोदामाच्या पायरीवर बसून राहिल्या. घरी जाऊन काकूला त्यानं काय सांगितलं, ती काय म्हणाली, ते त्यांना कळलं नाही, पण त्याला परत यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा आधी गल्लीच्या तोंडाशी झाडांचे शेंडे उजळले, वरच्या मजल्यांच्या खिडक्या उजळल्या, आणि मग त्या उजेडाच्या पुष्कळ खालून, अंधारातून, स्कूटर आली. मागे काकू होती, आणि ती सारखी काहीतरी बोलत होती, आणि काका पुढे बघत चालवत होता.